बोक्याच्या वाटीत काय घालायचं

माझ्या शिलाईच्या दुकानाच्या बरोब्बर वर माझ्या थोरल्या बहिणीचं स्वयंपाकघर आहे. त्यामुळे वर काय शिजतंय हे मला न विचारता कळतं, आणि माझ्या गिऱ्हाइकांनाही. एका वकीलबाईंनी शिवून नेलेला काळा कोट चौथ्या दिवशी परत आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की मास्तर, फिटिंग उत्तम आहे, पण कोर्टात माझ्या शेजारी कोणी बसायला तयार नाही. कोटाला उकडलेल्या माशाचा वास येत होता. तो मासा माणसांसाठी उकडलेला असता तर मी समजून घेतलं असतं. तो एका बोक्यासाठी उकडला होता, आणि उकडणारे होते माझे भावजी.

भावजी म्हणजे ताईचे यजमान. बाहेर त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. एका मोठ्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ते एकतीस वर्षं मुख्य स्वयंपाकी होते. दुपारचा भोंगा झाला की चारशे माणसं एकदम जेवायला यायची, आणि त्या चारशेंपैकी कोणी ताटात टाकलं तर भावजी ते ताट कोणाचं होतं याची चौकशी करायचे. त्यांची कामाची एक पद्धत होती, ती दुसऱ्या कुठल्या स्वयंपाक्याची असेल असं मला वाटत नाही. ते कधी चव घेऊन बघत नसत. जीभ लबाड असते, तिसऱ्या चमच्याला ती आपल्याच हाताची खुशामत करायला लागते, असं त्यांचं म्हणणं. ते पातेल्याचं झाकण चार बोटं उचलायचे, डोळे मिटून वाफ नाकात घ्यायचे आणि मान हलवायचे. मान उभी हलली की वाढायला घ्यायचं. आडवी हलली की मीठ. मिठाला वास नसतो, असं मी एकदा बोलून गेलो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणाची तरी पँट उलटी शिवली असावी.

ताईला तर त्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, की तुझं नाक कोरं आहे. म्हणजे तिला वास येतात, पण वासातलं काही कळत नाही. तेव्हापासून ती घरात रोजचा स्वयंपाक करायची आणि हे कामावरून आले की झाकण उचलून निकाल द्यायचे. रविवारी ते स्वतः करायचे, आणि तिच्याकडे भाज्या चिरायचं काम असायचं. मी असतो तर तीच सुरी घेऊन काहीतरी वेगळंच चिरलं असतं. ताई हसायची. तिचा स्वभावच तसा, आणि मला तिच्या स्वभावाचा राग येतो.

आता जी गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, ती इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला नुसता म्हातारपणचा हट्ट वाटेल. निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यात भावजींना जबर सर्दी-ताप झाला. ताप उतरला, सर्दी गेली, आणि जाताना त्यांचं नाक घेऊन गेली. नाक जागेवर होतं, पण त्याला फूल आणि फिनेल एकच झालं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पुढे काही महिने हा माणूस रोज झाकण उचलून, डोळे मिटून, काहीही कळत नसताना मान हलवत होता आणि चारशे माणसं जेवत होती. हाताला सवय होती म्हणून निभावलं. मग एक दिवस एवढ्या मोठ्या पातेल्यातले बटाटे बुडाशी लागले, धूर झाला, आणि उस्ताद शेजारी उभे राहून मान उभी हलवत होते. त्या महिन्यातच त्यांनी गुडघे दुखतात म्हणून अर्ज दिला आणि मुदतीआधी घरी आले.

आम्हाला वाटलं होतं, आता रोज मेजवानी. पण भावजी गॅसजवळ जाईनात. पुढ्यात येईल ते मुकाट्याने खायचे, झाकणाला हात लावायचे नाहीत. रविवारीही खिडकीत पेपर घेऊन बसायचे. माझ्या तोंडाला सुटलेलं पाणी मी गिळलं आणि म्हातारा नम्र झाला अशी स्वतःची समजूत घातली.

अशात माझ्या भाचीने बोका आणला. भाची त्यांची एकुलती एक, विमा कंपनीत नोकरीला, घरातच राहते. हा बोका तिच्या कचेरीच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या बॉनेटवर झोपायचा. तिने त्याला फायलींच्या खोक्यात घालून घरी आणलं. पांढरा स्वच्छ, एक कान फाटका, आणि चेहऱ्यावर जगाने याला फसवल्याचा भाव. पहिल्या दिवशी त्याने घरातल्या प्रत्येक भांड्याचा वास घेतला, काही न खाता मिशा साफ केल्या आणि निघून गेला. कॅन्टीनला वर्षातून दोनदा सरकारी इन्स्पेक्टर यायचा तो हुबेहूब असंच करायचा, असं भावजी म्हणाले. तेव्हापासून तो इन्स्पेक्टर. झोपायला त्याला माझ्या दुकानातलं काळं कापड लागायचं. पांढऱ्या कापडावर तो कधीही झोपला नाही, कारण पांढऱ्यावर त्याचे केस दिसले नसते.

भाचीने दुसऱ्याच दिवशी त्याच्यासाठी पुडा आणला. भावजींनी तो पुडा हातात घेऊन हलवून पाहिला, दोन दाणे तळहातावर काढले आणि विचारलं, की ही खडी मांजराला घालायची का? मग ते उठले, दोन वर्षांत पहिल्यांदा गॅसजवळ गेले आणि कोंबडीचे दोन तुकडे उकडत ठेवले. आम्ही सगळे थक्क झालो. आता कळतं, की त्यांनी तिथे उभ्या उभ्या हिशेब केला होता: बोक्याच्या जेवणात मीठ नाही, मसाला नाही, फोडणी नाही. म्हणजे चुकायला जागाच नाही. ज्या माणसाने चारशे माणसं जेवू घातली, त्याला जगात फक्त एकाच गिऱ्हाइकासाठी काही शिजवता येणार होतं, आणि ते गिऱ्हाईक फाटक्या कानाचं होतं. त्याने तोंड फिरवलं असतं तर भावजींना पुन्हा खिडकीत जाऊन बसावं लागलं असतं. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं. तेव्हा मात्र मला फक्त माशाचा वास येत होता.

पहिली अडचण अशी, की भावजींना थोडकं करता येत नाही. त्यांच्या हाताचं सगळ्यात लहान माप चाळीस माणसांचं. एका बोक्यासाठी त्यांनी जे पातेलं चढवलं ते आमच्या घराण्यात शेवटचं माझ्या लग्नात चढलं होतं. मग फ्रिजमध्ये जागा करायची म्हणून ताईचं लोणी, भाचीची फळं आणि मी तिथे ठेवलेली माझी औषधाची बाटली बाहेर आली. दुसरी अडचण कांदा. कांद्याशिवाय पातेलं चढवणं म्हणजे त्यांना अनवाणी बाहेर पडल्यासारखं वाटायचं. कांदा मांजराला विषासारखा असतो, हे भाचीने फोनवर शोधून, मोठ्याने वाचून, शेवटी कांद्याची टोपली आपल्या कपाटात कुलूपबंद करून त्यांना पटवलं. पटवलं म्हणजे काय, ते म्हणाले, की बोक्याने तसं मला सांगितलेलं नाही.

पुड्याचा आणि पातेल्याचा वाद रोज संध्याकाळी भाची कामावरून आली की सुरू व्हायचा. भाची पुड्यावरचं बारीक अक्षर वाचून दाखवायची. यात सगळे घटक मोजून घातलेले असतात, मांजराला एक टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते शिजवताना कमी होतं, ते न मिळालं तर हृदय आणि डोळे जातात, वगैरे. भावजी ऐकून घ्यायचे, मग पुडा नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, की माल जुना आहे. भाची नवा पुडा फोडायची. तोही जुना निघायचा. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच, आणि तेही नाक नसताना. आम्ही मात्र त्या निकालावर गंभीरपणे चर्चा करायचो. मी पुड्याच्या बाजूचा होतो, आणि माझं कारण स्वच्छ होतं: पुड्याचा वास माझ्या कोटांपर्यंत पोचत नव्हता.

ताई कोणाच्याच बाजूची नव्हती. तिचं एकच चाललेलं असायचं. भावजी गॅसजवळ उभे राहिले की ती स्टूल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसायची. शेंगा सोल, बटण लाव, काहीही कर, पण तिथेच. तिचं घराबाहेर पडणंच बंद झालं होतं. माझ्या मुलीने नवं घर घेतलं, तिथे दोन दिवस चल म्हटलं तर गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघ्याचं कारण त्या घरात फार चालतं. मी तिला तोंडावर म्हणालो, की तुझ्या नवऱ्याने तुझा गॅस पळवला म्हणून तू पहारा देत बसली आहेस. ती हसली आणि शेंगा सोलत राहिली. शिवाय तिच्या हातून त्या दिवसांत भांडी फार सांडायची. आठ-दहा दिवसांतून एकदा बोक्याचं आख्खं भांडं सिंकमध्ये उपडं व्हायचं. भावजी चिडायचे, म्हणायचे, हाताला काही धरबंध राहिला नाही हिच्या. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. वय झालं, असं मी माझ्या बायकोला सांगितलंसुद्धा.

शेवटी एका रविवारी भाचीने परीक्षाच घ्यायची ठरवली. दोन सारख्या वाट्या, एकीत पुडा, दुसरीत पातेलं, आणि मध्ये इन्स्पेक्टर. तो आधी आमच्याकडे बघून जांभई देत बसला. मग उठला, पुड्याची वाटी कुडुम-कुडुम करत संपवली, दुसऱ्या वाटीतलं पाणी तेवढं चाटलं आणि कोंबडी तशीच ठेवून खाली माझ्या दुकानात काळ्या कापडावर जाऊन झोपला. भाची हसली फक्त, आणि तेच वाईट झालं. भावजींनी ती वाटी उचलली, आत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, की याला पुड्याची चटक लागली आहे, चटक लागलेल्या माणसाचं मत धरायचं नसतं. त्या दिवसापासून त्यांनी पुडा बंद केला. भाचीला म्हणाले, पंधरा दिवस दे मला. ते असं कधी काही मागत नसत, म्हणून तिने दिले.

आता दैव कसं असतं बघा. त्याच पंधरा दिवसांत ताईला सर्दी झाली. साधीसुधी नाही, नाक पूर्ण बंद, आवाज रेडिओच्या मागून आल्यासारखा. ती तरीही स्टुलावर बसायची, पण मांडीवर रुमालांचा ढीग घेऊन. आणि त्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावर केबल टाकायचं काम निघालं. सकाळी गेलेली वीज रात्री जेवणाच्या वेळेला आली. दिवसभर फ्रिज नुसतं कपाट झालं होतं, आणि त्या कपाटात कोंबडीचं भांडं होतं, चाळीस माणसांच्या मापाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजींनी ते भांडं बाहेर काढलं. झाकण चार बोटं उचललं, डोळे मिटले, मान उभी हलवली. भाची लवकर कामावर गेली होती. ताई शेजारी बसून शिंकत होती. घरात दोन माणसं आणि एकही नाक नाही, अशी ती सकाळ. नाक होतं ते एकट्या बोक्याला. त्याने वाटीचा वास घेतला, मागे सरला आणि शेपटी उभी करून चालायला लागला. भावजींना वाटलं, ही पुन्हा पुड्याची चटक. पंधरा दिवसांतले नऊ संपले होते. मग त्यांनी जे केलं ते करताना त्यांच्या जिवाला काय वाटलं असेल ते त्यांनाच ठाऊक. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी पुडा काढला, मूठभर खडी त्या कोंबडीवर भुरभुरली आणि वाटी पुन्हा त्याच्यापुढे सरकवली. इन्स्पेक्टरने वाटी चाटूनपुसून साफ केली. भावजी ती रिकामी वाटी मला दाखवायला खाली आले. मी मशीनवर होतो, मान न वळवता छान म्हणालो.

दुपारी बोका माझ्या दुकानात आला आणि एका नवरदेवाच्या अर्धवट शिवलेल्या सुटावर ओकला. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मग तो पुन्हा ओकला, आणि पुन्हा, आणि शेवटी मशीनच्या पायडलखाली जाऊन अंग टाकून पडला. मी चप्पल हातात घेतली होती ती खाली ठेवली. त्याच्या पोटाला हात लावला तर त्याने चावलं नाही. तेव्हा मी घाबरलो. भाचीला फोन केला, कापड न्यायच्या पिशवीत बोका घातला आणि आम्ही तिघं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. भाची कामावरूनच थेट आली.

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला तुटक आणि हाताने फार हळुवार. तिने बोक्याचं पोट दाबून पाहिलं, एक्स-रेचा फोटो काढला आणि आमची चौकशी सुरू केली. उंदरांचं औषध घरात आहे का? नाही. काही विषारी झाड? नाही. सकाळी काय खाल्लं? भाचीने सांगितलं, की बाबांनी स्वतः उकडलेली कोंबडी, बाबा एकतीस वर्षं मुख्य स्वयंपाकी होते, ते रोज वास घेऊन मगच देतात. ताईने रुमालातून सांगितलं, की ताजंच होतं. भावजी भिंतीवरचा कुत्र्यांच्या जातींचा तक्ता बघत होते. मग डॉक्टरिणीने विचारलं, की तो दिवसभर कुठे असतो, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

मी शिंपी आहे. माझ्या दुकानात रिळं आहेत, काजांचा रेशमी धागा आहे, जमिनीवर तुकडे असतात. तिने एकेक विचारलं आणि मी एकेक कबूल करत गेलो. ती म्हणाली, मांजरं धागा गिळतात, तो आतड्यात गुंततो, आतडी कापत जातो आणि फोटोत दिसतोच असं नाही. खाणं चांगलं होतं म्हणता, तर मग धाग्याचीच शक्यता जास्त. थांबण्यात अर्थ नाही, आजच पोट उघडून बघावं लागेल. बोका तरुण नाही, धोका आहे, तेव्हा या कागदावर सही करा. मी रोज संध्याकाळी चुंबक फिरवून सुया उचलतो, असं काहीतरी मी सांगायला लागलो, आणि माझं मलाच कळलं, की धाग्याला चुंबक चालत नाही. भाची माझ्याकडे बघत नव्हती. त्या बोक्याला मी इतके महिने शिव्या दिल्या होत्या, आणि आता त्याचं पोट माझ्यामुळे फाडणार होते. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

भाचीने पेन हातात घेतलं. डॉक्टरिणीने हातमोजे चढवता चढवता शेवटचं विचारलं, की खाणं नक्की चांगलं होतं ना?

भाची हो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात भावजी तक्त्यासमोरून म्हणाले, "मला सांगता येत नाही."

भाचीला वाटलं ते घाबरलेत. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही वास घेतला होतात ना?"

"मला वास येत नाही." ते वळले. टोपी काढून हातात धरलेली, कामावर चूक झाली की माणूस उभा राहतो तसे उभे होते. "निवृत्तीच्या आधीपासून येत नाही. कसलाच. काल दिवसभर वीज नव्हती. ते खराब झालेलं असणार. मास्तरची काही चूक नाही, माझी आहे."

डॉक्टरिणीने हातमोजे काढले. आता ती एकदम कामाला लागली, सलाइन, इंजेक्शन, आणि मला म्हणाली, की घरी उरलं असेल तर कोणीतरी बघून या. पण मी लगेच हललो नाही, कारण भाचीचा चेहरा पांढरा पडला होता. तिला बोक्याचं भानच नव्हतं. ती म्हणाली, "आणि गॅस? बाबा, दोन वर्षं तुम्ही घरात आहात. गॅस गळत राहिला असता तर तुम्हाला कळलं असतं का?"

उत्तर ताईने दिलं, बंद नाकाने, रुमाल घडी करत. "मी होते ना तिथे."

भावजी तिच्याकडे बघत राहिले. तुला माहीत होतं, असं त्यांनी विचारलं, तेही अगदी हळू.

"अहो, शेगडीवर दूध करपत होतं आणि तुम्ही हाताच्या अंतरावर पेपर वाचत बसला होतात. तुम्ही घरी आलात त्याच आठवड्यात. नाही कळणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत," ताई म्हणाली. "म्हटलं, सांगायचं असेल तेव्हा सांगतील. तोवर मी बसते. खराब झालं की मीच भांडं सांडून द्यायचे. या वेळी माझंच नाक बंद पडलं, तर मी तरी काय करणार?"

ती हे अशा सुरात म्हणाली, की जणू दळण आणायला उशीर झाला. मी तिला पहारा देतेस म्हणालो होतो. वय झालं म्हणालो होतो. मी दवाखान्यातून निघालो, घरी गेलो, फ्रिज उघडला आणि भांड्याचं झाकण उचलून तितक्याच वेगाने पुन्हा लावलं. कोर्टातल्या लोकांचं मला पहिल्यांदा पटलं. फोन करून डॉक्टरिणीला सांगितलं, की पोट कापायची गरज नाही, आणि ते भांडं दोन पिशव्यांत बांधून दूरच्या कचराकुंडीत टाकून आलो.

इन्स्पेक्टर तिसऱ्या दिवशी उठून बसला आणि त्याने डॉक्टरिणीला ओरखाडलं. आता घरी नेलं तरी चालेल, असं ती म्हणाली. खाण्याचं तिने सरळ सांगितलं: चांगला पुडा पुरेसा आहे. पण घरचंच करायचं असेल तर तेही होईल, फक्त नाकाने नाही, काट्यावर तोलून करायचं आणि त्यात ही पावडर रोज घालायची. तिने मापं कागदावर लिहून दिली. आणि गंमत अशी, की आता घरात कोणी पुड्याच्या बाजूचं उरलंच नव्हतं. भाची त्याच संध्याकाळी छोटा काटा आणि पावडरचा डबा घेऊन आली. मीही सांगितलं, की भावजी, खुशाल मासा उकडा, वकीलबाईंचं मी बघून घेईन. ताईने स्टूल जागेवर आणून ठेवलं. भावजींनी तो कागद दोन दिवस वाचला. पाठ होईपर्यंत वाचला. पण पातेलं काही चढवलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ताईला विचारलं, की तुझी ती शाळेतली मैत्रीण, जिची पत्रं येतात, ती हल्ली कुठे असते? ताईने सांगितलं. बसने पाच तास लागतात हे तिला पाठ होतं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पण शनिवारी सकाळी मी दुकान उघडत होतो, तेव्हा जिन्यावर ताई बॅग घेऊन उभी दिसली, आणि तिच्या मागे दारात भावजी. तिकीट तिच्या पर्समध्ये होतं, ते यांनीच आदल्या दिवशी जाऊन आणलेलं. ताईची पावलं काही पुढे पडत नव्हती. संध्याकाळी लेक येऊन करेल ते ठीक, पण दुपारी तुम्ही काय खाणार? पाव खाईन, फळं आहेत. सिलिंडर बंद केला का? केला, रेग्युलेटर काढूनच ठेवलाय. दोन पायऱ्या उतरून ती पुन्हा थांबली.

"आणि बोक्याचं दुपारचं?"

भावजी आत गेले आणि पुडा घेऊन बाहेर आले. फोडायला त्यांनी माझी कापडाची मोठी कात्री घेतलेली होती. त्या कात्रीने मी माझ्या बायकोलाही कधी कागद कापू दिलेला नाही. त्यांनी कात्रीने पुड्याचा कोपरा उडवला, वाटीत खडी ओतली, वाटी उंबऱ्यावर ठेवली. इन्स्पेक्टर कुठूनतरी आला आणि कुडुम-कुडुम सुरू झालं.

"याला गॅस लागत नाही," भावजी म्हणाले. "तू जा."

ताई जिना उतरली. दोन दिवसांचे कपडे घेऊन गेली होती, ती सहा दिवसांनी परत आली.